छत्तिसाव्या वर्षी मास कम्युनिकेशन

पस्तिशीनंतर मास कम्युनिकेशनमध्ये एमए करून पीआरमध्ये (म्हणजे जनसंपर्काच्या कामात) शिरणं म्हणजे फी पाण्यात, असं काहीजण म्हणतात; ते मत मला अर्धंच पटतं. नुसत्या पदवीवर कुणी उभं करत नाही, खरंय. पण मागचं क्षेत्र टाकून द्यायचं नसतं. मी नऊ वर्षं औषध कंपनीच्या लॅबमध्ये काढून ३६व्या वर्षी मास कम्युनिकेशनला बसले (वर्गातली मुलं दोन महिने मला मॅडमच समजत होती!). थिअरी बरीचशी विसरले. कामाला आली ती प्रेसनोट, म्हणजे वर्तमानपत्रांना पाठवायचं बातमीचं टिपण लिहायला शिकले ते. इंग्रजीवरून शब्दशः मराठी केलेली प्रेसनोट तालुक्याचा वार्ताहर बाजूला टाकतो. पहिल्या दोन ओळींत कोण, कुठे, कधी आलं की जवळपास जशीच्या तशी छापतो. पहिलं काम रुग्णालयात मिळालं, तेही डॉक्टरांचं बोलणं कळत होतं म्हणून.

आणि पीआर म्हणजे फक्त मुंबईतल्या एजन्सी नव्हेत. राज्य सरकारचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांची माहिती कार्यालयं आहेत. तिथल्या अधिकारीपदांच्या जाहिराती एमपीएससी काढते. प्रवेश घेण्याआधी त्यातली एखादी जुनी जाहिरात शोधून अर्हता, अनुभव आणि वयाची अट नीट वाचा.