मदत हवी आहे: एंडगेममध्ये (डावाच्या शेवटच्या टप्प्यात) हत्ती एक्स्चेंज करावा (हत्तीला हत्ती द्यावा) की नाही, हे पोराला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. भाचा सातवीत आहे, बुद्धिबळाचं लई वेड आहे त्याला. रेटिंग अजून आलेलं नाही, पण जिल्ह्याच्या स्पर्धा, नांदेडची ओपन अशा सगळीकडं खेळायलाय. इथं जवळपास एंडगेम नीट शिकवणारे कोच मिळंना गेलेत, ऑनलाइन क्लासवाले ओपनिंगच्याच मागं लागलेले असतात, म्हणून संध्याकाळी मीच पट मांडून त्याच्यासोबत बसतो.

लुसेना (हत्तीच्या डावात जास्तीचं प्यादं वजीर करून जिंकायची ठरलेली पद्धत) त्याला पाठ आहे, हत्ती चौथ्या पट्टीवर (आडव्या रांगेवर) आणून शह अडवायचे ते बरोबर करतो. फिलिडोरचा बचाव, म्हणजे एक प्यादं कमी असताना हत्तीनं डाव बरोबरीत सोडवायची पद्धत, ती पण येते. अडचण अशी की हत्ती-प्याद्याच्या डावात समोरच्यानं एक्स्चेंज दिला की हा लगेच घेऊन टाकतो, कारण 'एक प्यादं जास्त आहे, मोहरे कमी केले की सोपं होतं' हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. परवाच्या डावात असंच झालं. हत्ती गेल्यावर पटावर राहिलं काय तर ह्याचा पांढरा राजा ई४, प्यादं ई३, काळ्याचा राजा ई६ आणि चाल ह्याचीच. झाली बरोबरी. तेच प्यादं ई२ वर असतं तर ई३ ची चाल हातात होती, ऑपोझिशन (राजे एक घर सोडून समोरासमोर आणि चाल समोरच्याची) मिळालं असतं आणि डाव जिंकला असता. पोरगं रडवेलं झालं हो, जेवलं पण नाही.

मी त्याला सिंगापूरच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीतला १४ वा डाव दाखवला, १२ डिसेंबर २०२४ चा. डिंग लिरेननं ५५ व्या चालीला हत्ती एफ२ वर नेला, गुकेशनं हत्ती मारला, मग उंटालाही उंट भिडवला, आणि राहिलेला राजा-प्याद्यांचा डाव डिंगला वाचवण्यासारखा नव्हता. त्याला समजलं सगळं, पण स्वतःच्या डावात घड्याळ चालू असताना हे सुचावं कसं? नुसते पझल सोडवून हे येईल का? कुणी पोरांना शिकवलं असेल तर सांगा की.

प्रतिसाद (लातूरहून):
दादा, पझलमध्ये कुणीतरी जिंकतंय हे आधीच माहीत असतं, म्हणून त्यानं ही सवय लागत नाही. मी माझ्या पोरीकडून वेगळं करून घेते. हत्ती मारायच्या आधी तिनं दोन्ही हत्ती मनातल्या मनात पटावरून काढायचे आणि तीन गोष्टी तोंडानं सांगायच्या: चाल कुणाची येणार, राजा प्याद्याच्या पुढं आहे का, फुकटची प्याद्याची चाल कुणाकडं शिल्लक आहे. मग 'जिंकतंय' की 'बरोबरी' हे वहीत लिहायचं आणि त्यानंतरच लिचेस या बुद्धिबळाच्या साइटचा टेबलबेस (थोडेच मोहरे उरलेल्या डावांचे पक्के निकाल) उघडायचा, सात मोहऱ्यांपर्यंत तो अचूक सांगतो. आधी उघडला तर सगळं वाया. तुमचीच ई३ वाली पोझिशन घ्या, चाल काळ्याची करा, मग सगळंच एक घर पुढं सरकवत न्या. राजा सहाव्या पट्टीवर प्याद्याच्या पुढं पोचला की चाल कुणाचीही असो, जिंकतंच, हे त्याला स्वतःला सापडू द्या. आणि दोन्ही बाजूंनी खेळवा, वाचवणाऱ्याच्या बाजूनं जास्त.

धागाकर्ता:
ताई, लई आभार, वहीची गोष्ट आजच सुरू करतो. पण ए आणि एच फाइलच्या (कडेच्या उभ्या रांगांच्या) प्याद्याला तो सहाव्या पट्टीचा नियम लागू नाही ना? तिथं काळा राजा कोपऱ्यात बसला की हलतच नाही.

प्रतिसाद:
बरोबर, तिथं बरोबरीच. त्यासाठी वहीत वेगळं पान करा, कारण कडेचं एकच प्यादं उरणार असेल तर हत्ती पटावर ठेवलेलाच बरा की नाही, हा प्रश्न दर वेळी नव्यानं पडतो.