मदत हवी आहे: किट कार गरम झाली की बंद पडते, रविवारी पेंच ड्राइव्ह आहे

लाल रोडस्टर (गुरुवार, रात्री १०.४०)
नमस्कार मंडळी. माझी किट कार, म्हणजे सुटे भाग आणून जुळवलेली गाडी, चांगली गरम झाली की गचके द्यायला लागते, पिकअप जातो आणि बंद पडते. थोडा वेळ उभी ठेवली की पहिल्याच सेल्फला चालू. कॉईल नवी टाकली, प्लग नवे, पॉईंट नवे, कार्बोरेटर खोलून साफ केला. एक गॅरेजवाले आता म्हणतात इंजिन खोलावं लागेल. इंजिनात काहीही खराबी नाही, आवाज ऐकला की कळतं. रविवारी पहाटे आमच्या ग्रुपची ड्राइव्ह आहे, मनसर, देवलापार करत खवाशापर्यंत. मला त्यात जायचंच आहे. कामाला शनिवार एवढाच दिवस आहे. लवकर सांगा.

धरमपेठ
गाडी कोणती? किट कार म्हणजे नेमकी कोणती? इंजिन कशाचं? गाडी बंद पडते तेव्हा टेम्परेचरचा काटा कुठे असतो? एवढं तरी लिहा भाऊ, नाहीतर सगळे अंदाजच बांधत बसतील.

हिंगणा एमआयडीसी
ओव्हरहीटिंग आहे. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या पुढे, त्यात एवढंसं बोनेट. थर्मोस्टॅट काढून टाका. मी प्रत्येक गाडीचा काढतो, कधी त्रास झाला नाही.

अंबाझरी
कृपया थर्मोस्टॅट काढू नका. तो काढला की इंजिन गरम व्हायला उशीर लागतो, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पेट्रोल जास्त जातं. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटरला न जाता बायपासनेच फिरत राहतं आणि उलट जास्त तापतं. रेडिएटर तुंबला असेल तर रेडिएटर साफ करा. आणि मुळात काटा वर जातो का, हे त्यांनी अजून सांगितलेलंच नाही.

लाल रोडस्टर
काटा ९० च्या वर जात नाही. रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक आहे, वेळेवर चालू होतो. म्हणजे ओव्हरहीटिंग नाही. दोन सीटची उघडी गाडी, नळ्यांची चासी, फायबरची बॉडी, इंजिन इसुझूचं १.८ लिटर, हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसातलं. आता सांगा.

धरमपेठ
हे इंजिन आणि फायबर बॉडी, म्हणजे अलिबागची चिंकारा रोडस्टर तर नाही? त्यातही इसुझूचं १.८ च होतं. त्या गाड्या ओळखणारे लोक आहेत, त्यांना विचारता येईल.

लाल रोडस्टर
धाटणी तशीच आहे, पण चिंकारा नाही. पुण्याच्या एका गृहस्थांनी किट आणून स्वतः जुळवली, त्यांच्याकडून मी घेतली. आता ते परदेशी असतात, वायरिंगचा नकाशा मिळालेला नाही.

खामला
भाऊ, हा शंभर टक्के व्हेपर लॉक होय. आमच्या बाबाच्या जुन्या गाडीत हेच होऊन राहत होतं. बर्डीच्या सिग्नलले दोन मिनिटं उभी राहिली का खल्लास. पेट्रोल पाईपातच उकळते, पंप नुसती वाफ ओढते. बाबा फडकं ओलं करून पंपावर ठेवत, पाच मिनिटात गाडी चालू. सोबत पाण्याची कॅन अन् जुना टॉवेल ठेवा, इंजिन कायले खोलता?

अंबाझरी
ओल्या फडक्याचा उपाय इंजिनला चिकटलेल्या मेकॅनिकल पंपासाठी खरा आहे. कॉन्टेसाच्या इंजिनवर तसा पंप असतो. किट जुळवणाऱ्याने तोच ठेवला का बदलला, हे आधी कळायला हवं.

लाल रोडस्टर
पंप इलेक्ट्रिक आहे. मागे टाकीजवळ बसवलाय.

नियमावली
गाडी रस्त्यावर काढण्याआधी आरसीवर काय लिहिलंय ते पाहा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून घ्या. मूळ उत्पादकाच्या तपशिलात बसत नाही असा बदल चालत नाही. इतर राज्याच्या हद्दीत जाताय, खवासा मध्य प्रदेशात येतं. अडवलं तर पूर्ण ग्रुप अडकेल.

लाल रोडस्टर
आरसी, विमा, पीयूसी सगळं गाडीच्या नावावर रीतसर आहे आणि सोबत असतं. धागा गाडी बंद पडण्याचा आहे.

कोथरूडकर
किट कारचा विषय निघालाच आहे तर सांगतो. या धाटणीची मूळ गाडी म्हणजे कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन, १९५७ ची. तिकडे ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदीकर लागायचा, सुट्या भागांवर नाही, म्हणून लोक पेट्यांतून भाग आणून घरी जुळवायचे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि ती आजही बनते. हलकी गाडी, लहान इंजिन, मधे काहीही जास्तीचं नाही, हा विचार अजून कोणी मागे टाकलेला नाही. तुमची गाडी सांभाळून ठेवा, आपल्याकडे अशा फार नाहीत.

काटोल नाका
टाकीच्या झाकणाकडे कोणी पाहिलं का? झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत हवा शिरत नाही, पंप ओढून ओढून थकतो. पुढच्या वेळी बंद पडली की झाकण उघडा. सुस्स आवाज आला तर तेच कारण. घरी बनवलेल्या टाक्यांत हे फार होतं.

लाल रोडस्टर
झाकण उघडून पाहिलंय. आवाज येत नाही, फरकही पडत नाही.

हिंगणा एमआयडीसी
मग पेट्रोल. आता पंपावर ई२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. जुने रबरी पाईप त्यात फुगतात, आतून सुटतात. आतला पापुद्रा सुटून पाईप बंद करतो आणि बाहेरून पाईप नवा दिसतो. सगळे पाईप बदला, इथेनॉल चालणारा पाईप घ्या, वर एसएई ३० आर ९ छापलेलं असतं.

खामला
ई२० ले कायले दोष देता? माही गाडी त्याच्यावरच चालून राहिली.

अंबाझरी
तुमची गाडी नवी असेल. हिंगणावाल्यांचा हा मुद्दा मला पटतो, जुन्या गाडीत पाईप बदलायलाच हवेत, आणि फायबर बॉडीत पेट्रोल गळणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. पण पाईप बंद असेल तर गाडी रोज, सारखाच त्रास देईल. लाल रोडस्टर, गाडी नेहमीच बंद पडते की कधी कधी? कुठे पडते?

तर्री
मी यांच्याच ग्रुपमध्ये आहे, मी सांगतो. मागच्या ड्राइव्हला कन्हानचा पूल ओलांडला आणि बंद. त्याआधी उमरेड रोडला बंद. पण हीच गाडी हे एकटे भर दुपारी काटोल रोडने फिरवतात आणि काही होत नाही. ग्रुपमध्ये वेगही जास्त नसतो, सगळ्यांना धरून जायचं म्हणून ७०-८०. मलाही कोडंच आहे. पोहे खायला थांबलो तोवर गाडी परत ठीक!

अंबाझरी
ग्रुपमध्ये काय वेगळं करता? नीट आठवून सांगा. पहाटे निघता, म्हणजे ऊनही कमी. मग गरमीचा मुद्दा निम्मा गेला.

तर्री
सगळे हेडलाइट लावून चालतो, दिवसाही. आमचा नियमच आहे. छोट्या गाड्या जमिनीला टेकलेल्या, ट्रकवाल्याला आरशात दिसत नाहीत.

अंबाझरी
मग मला वाटतं सापडलं. पेट्रोल बाजूला ठेवा, अर्थिंग पाहा, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत जायचा रस्ता.

लोखंडी बॉडीच्या गाडीत पूर्ण बॉडीच मायनस असते. दिवा कुठेही लावा, एक स्क्रू बॉडीत आवळला की झालं. फायबरमधून करंट जात नाही. म्हणून किट कारमध्ये प्रत्येक वस्तूची मायनस वायर वेगळी ओढावी लागते, आणि जुळवणारे बहुतेक वेळा त्या सगळ्या एका लगमध्ये (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बांधून डॅशबोर्डमागे एकाच बोल्टला आवळतात. हेडलाइट, रेडिएटरचा पंखा आणि पेट्रोल पंप, तिघांचं पाणी एकाच मोरीतून. दोन हेडलाइट मिळून साधारण १२० वॅट धरा, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. पंखाही जवळपास तेवढाच. तो बोल्ट गंजला असेल आणि तिथे ०.१५ ओहम जरी अडथळा असेल तरी २० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्च होतात. बिचाऱ्या पंपाला उरलेल्यावर चालावं लागतं. तो फिरतो, आवाजही येतो, पण पेट्रोल पुरत नाही. सांधा तापला की अडथळा आणखी वाढतो. गाडी उभी केली की दिवे बंद, थोड्या वेळाने पंखा बंद, सांधा थंड, गाडी चालू. कॉईलचं अर्थिंग इंजिनमधूनच होतं, म्हणून कॉईल बदलून फरक पडला नाही.

तपासायला दहा मिनिटं पुरतात. मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर लावा. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन पंपाच्या मायनस वायरीवर, हवं तर मधे लांब वायर जोडा. इंजिन चालू ठेवून आकडा पाहा. मग हेडलाइट लावा, पंखा चालू होऊ द्या, परत पाहा. ०.२ च्या आत हवा.

खामला
मीटर कायले? कार्बोरेटरचा पाईप काढा, सेल्फ मारा, पेट्रोल धारेनं येते का पाहा. आमच्याकडे असंच पाहतात.

अंबाझरी
गरम इंजिनवर, शेजारी सायलेन्सर तापलेला असताना उघड्यावर पेट्रोल काढू नका. फायबर पेटलं की विझवायला हाताशी काही राहत नाही. कार्बोरेटरच्या आधी पारदर्शक फिल्टर असेल तर बंद पडताना तो भरलेला आहे की रिकामा, एवढं पाहिलं तरी पुरे.

हिंगणा एमआयडीसी
ताईंचं म्हणणं बरोबर वाटतं. माझ्या माहितीत वाडीला ट्रकचं वायरिंग करणारे इलेक्ट्रिशियन यात हुशार असतात. शोरूमवाल्यांकडे नेऊ नका, ते दोष सांगणारं मशीन लावायला जागा शोधत बसतील.

काटोल नाका
ट्रायल घ्यायची तर समृद्धीवर न्या. मोकळा रस्ता, कारला १२० ची परवानगी. तासभर ताणली की दोष असेल तर बाहेर येईलच.

धरमपेठ
बिलकूल नको. बंद पडणारी गाडी समृद्धीवर कोणी नेतं का? बाहेर पडायचा रस्ता कितीतरी किलोमीटर पुढे, सावली नाही, मागून १२० ने गाड्या. आणि टायर किती जुने आहेत ते पाहा आधी. अशा गाड्या कमी चालतात, नक्षी नवी दिसते पण रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. मे महिन्यातल्या काँक्रीटवर जुना टायर फुटायला वेळ लागत नाही.

लाल रोडस्टर (शनिवार, दुपारी ४.१५)
मोजलं. नुसतं इंजिन चालू, ०.९. हेडलाइट लावले, १.९. पंखा चालू झाला, ३.१ पर्यंत गेलं. त्याच वेळी पंपावर जेमतेम १०.४ व्होल्ट मिळत होते, बॅटरीवर १३.५. पारदर्शक फिल्टर निम्मा रिकामा होत होता, डोळ्यांनी पाहिलं. डॅशबोर्डमागे सगळ्या काळ्या वायरी एका बोल्टला आहेत, तो बोल्ट रंगावरच आवळलेला, लग हिरवा पडलाय. वायर कोणती टाकू? लवकर सांगा, दुकान आठला बंद होतं.

अंबाझरी
पंपासाठी स्वतंत्र २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर थेट बॅटरीच्या मायनसला. कुठेही बोल्टला जोडू नका. डॅशबोर्डच्या जुडग्याचे लग कापून नवे क्रिंप करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा, तिथून १० स्क्वेअर एमएमची एक वायर बॅटरीला. चासीला जिथे अर्थ देता तिथला रंग घासून लखलखीत लोखंड काढा, दातेरी वॉशर लावा, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी आत भरू नका. फायबरमधून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, कडा वायर कापतात.

तर्री
भाऊ, उद्या ५ ला निघतोय, झिरो माइलजवळ जमायचं. तुमची गाडी दुसऱ्या नंबरला ठेवतो, माझी शेवटी, माझ्याकडे टो दोरी आणि अग्निशामक आहे. वळणावर पुढचा थांबेल, मागच्याचे दिवे आरशात दिसल्याशिवाय निघायचं नाही. पेंचच्या भागात उंचावलेल्या रस्त्यावर कोणीही फोटोसाठी थांबायचं नाही, खालून जनावरं जातात म्हणून तो तसा बांधलाय.

नियमावली
पीयूसीची तारीख पाहिली का?

लाल रोडस्टर (रविवार, दुपारी १.३०)
खवाशापर्यंत जाऊन आलो, पूर्ण वेळ हेडलाइट चालू, परतताना ऊन चढलेलं, पंखा थांबतच नव्हता, तरी एक गचका नाही. काल रात्री मोजलं तेव्हा तिन्ही चालू असताना ०.१ आलं होतं. देवलापारच्या पुढे झाडीतून वळणं लागतात तिथे तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन असं ओढत होतं की आजवर या गाडीने मला पूर्ण ताकद दाखवलीच नव्हती असं वाटलं. सगळ्यांचे मनापासून आभार, अंबाझरी ताईंचे विशेष. पाईपही या आठवड्यात बदलतो. अजून काही करायला हवं का?

अंबाझरी
हो, आणि हे पाईपांच्याही आधी करा. पंपाला रिले (विजेवर चालणारा स्विच) लावा आणि तो ऑईल प्रेशर स्विचमधून घ्या, इंजिन थांबलं की ऑईलचं प्रेशर जातं. चावी चालू असताना इंजिन बंद पडलं, धडक झाली, तर पंप आपोआप थांबला पाहिजे. सेल्फ मारताना पंप चालायला सेल्फच्या वायरीवरून वेगळी जोडणी लागते, ती नीट समजून करून घ्या. आणि अग्निशामक तुमच्याच गाडीत, सीटच्या पुढे हाताला येईल असा, एबीसी पावडरचा. तर्री भाऊंच्या गाडीतला शेवटच्या नंबरवर असतो.

काटोल नाका
ताई, माझ्या जिप्सीचे मागचे दिवे ब्रेक मारला की मंद होतात, तेही हेच का? मापन कुठे करू?

अंबाझरी
बॉडी लोखंडी की फायबरच्या टपाची? वेगळा धागा काढा, फोटो टाका. आणि काय काय बदललंय ते सुरुवातीलाच लिहा.