फाईल अपलोड होत नाही! तुमचे अनुभव लिहा

परवा पाच तास एका फॉर्मपुढे डोकं आपटलं. फाईल निवडायची, बटण दाबायचं आणि काहीच नाही. स्क्रीनवर एररसुद्धा नाही! शेवटी लॉगमधल्या एका ओळीत उत्तर सापडलं. फाईल १० एमबीची, आणि पीएचपीची (सर्व्हरवर साईट चालवणारी भाषा) 'पोस्ट_मॅक्स_साईज', म्हणजे एका फॉर्ममधून येणाऱ्या सगळ्या डेटाची मर्यादा, मुळात ८ एमबी. ती ओलांडली की पीएचपी पोस्ट आणि फाईल्स (फॉर्मचा मजकूर आणि फाईली जिथे मिळतात ते) हे दोन्ही अ‍ॅरे रिकामेच देतं. माझ्या कोडला वाटायचं, फॉर्म भरलाच नाही. तुमचं काय झालं ते लिहा. कारण सापडलं नसलं तरी लिहा.

*

पीएचपीच्या दोन्ही मर्यादा (एका फाईलची आणि पूर्ण पोस्टची) ६४ एमबी केल्या, तरी ४१३ (रिक्वेस्ट फार मोठी असल्याचा एरर) येतच राहिला. पीएचपीचा लॉग कोरा. कोरा म्हणजे रिक्वेस्ट तिथवर पोचतच नाही, हे डोक्यात शिरायला रात्र गेली. पीएचपीच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर होता. त्याची 'क्लायंट_मॅक्स_बॉडी_साईज' आपण काही लिहिलं नाही तर १ एमबी.

*

मी तर पीएचपीच्या सेटिंगची भलतीच आयएनआय फाईल बदलत बसलो होतो. कमांड लाईनची वेगळी, वेबसाठी पीएचपी चालवणाऱ्या एफपीएमची वेगळी. पीएचपीइन्फो (सगळी सेटिंग दाखवणारं फंक्शन) ब्राउझरमधून चालवून बघा, कोणती वाचली जातेय ते तिथे दिसतं (बघून झालं की ते पान उडवा बरं). आणि एफपीएम रीस्टार्ट करा. हे मी दोनदा विसरलोय.

*

फॉर्मच्या टॅगमध्ये एन्कटाईप (डेटा कसा पाठवायचा ते) लिहायचं राहिलं होतं. फाईलचं नुसतं नाव जात होतं. बाकी सांगण्यासारखं काही नाही, लाज सोडून.

*

फोल्डरचा मालक रूट (मुख्य युजर), सर्व्हर चालतो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या नावाने, म्हणून लिहिता येईना. घाईत ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) ठोकलं, चाललं, तसंच राहिलं. एक्स्टेन्शनही तपासत नव्हते. काही महिन्यांनी त्यात कुणा परक्याची पीएचपी फाईल निघाली, आणि ती चालतही होती! आता मालकी नीट दिलीय, त्या फोल्डरात पीएचपी बंद.

*

डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) म्हणे डिस्क निम्मी रिकामी, तरी लिहिता येईना. 'डीएफ -आय' केलं तेव्हा कळलं, आयनोड (प्रत्येक फाईलला लागणारी नोंद) संपलेत. जुन्या सेशनच्या लाखो चिमुकल्या फाईली.

*

माझं अजून सुटलेलं नाही. एकदम पंचवीस फोटो टाकले की वीसच येतात. साईज अगदी लहान.

*

'मॅक्स_फाईल_अपलोड्स' बघा. मुळात २० असते.