'फ्रोजन फिश' म्हणजे 'बर्फातली मासळी' का?

प्रश्न : निर्यातीच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. 'फ्रोजन फिश'ला 'बर्फातली मासळी' म्हटलं तर चालेल ना? बाजारात तसंच म्हणतात.

उत्तर : ताई, तो शब्द तिथं नका घालू. ससून डॉकला बोट लागते तेव्हा मासळी बर्फातच असते, पण गोठलेली नसते. ताज्या पापलेटवर बोट दाबा, मांस दबतं आणि परत वर येतं. कस्टम्सच्या लेखी ही 'चिल्ड', म्हणजे ० अंशाच्या आसपास आणलेली, न गोठलेली. कस्टम्सच्या शुल्कपत्रकात, म्हणजे मालाच्या प्रकारागणिक क्रमांक देणाऱ्या यादीत, हिचं शीर्षक ०३०२. 'फ्रोजन' म्हणजे आतपर्यंत गोठलेली, तिचं ०३०३. गाभ्याचं तापमान उणे १८ आहे का हे बघायला माशाला ड्रिलनं भोक पाडून थर्मामीटर घालावा लागतो, इतकी ती टणक! 'बर्फातली' लिहिलंत तर कोळीवाड्यातला वाचक नेमका उलटा माल समजेल. 'गोठवलेली' लिहा. 'चिल्ड'ला मी बोलताना 'बर्फ मारलेली' म्हणतो, कागदावर 'शीत'.

– 'थिजवलेली' कसं वाटतं?

तूप थिजतं, रक्त थिजतं. पाण्याचा बर्फ होतो तिथं आपण 'गोठणं'च म्हणतो.

– आणि फिलेटला 'तुकडी'?

अजिबात नको, इथंच मोठी गफलत होते. सुरमईची तुकडी आडवी कापतात, मधोमध कण्याचा पांढरा गोल दिसतो. फिलेट कण्याला समांतर, उभं काढतात; डोकं, आतडी, पर, काटे काढलेली माशाची एक बाजू. काट्यासकट गोठवलेली तुकडी अख्ख्या माशाबरोबर ०३०३ मध्येच राहते, फिलेट ०३०४ मध्ये जातं. मराठीत नेमका शब्द नाही, तर 'फिलेट'च ठेवा.

माशांची नावंही जपून. भारताच्या शुल्कपत्रकात 'घोळ' आणि 'दारा' ही नावं रोमन लिपीत तशीच छापली आहेत. हा 'दारा' म्हणजे आपला दाढा. घोळ खरं तर क्रोकरांच्याच कुळातला, पण क्रोकरांची ओळ वेगळी आहे. म्हणून 'घोळ'चं इंग्रजी करताना कुणी 'क्रोकर' लिहिलं, तर माल दुसऱ्याच ओळीत जातो. आपलं नाव पत्रकात आहे, ते टिकवा.

– घोळीचं भोत, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, कुठं धरायचं?

वाळवलेलं असेल तर ०३०३ मध्ये नाही. ते सुक्या मासळीबरोबर, ०३०५ मध्ये.