शब्दचर्चा : मायक्रोप्लास्टिक म्हणजे कण, दाणा की भुगा?

शब्दखुळी :
नमस्कार मंडळी, अडलेय म्हणून विचारतेय. शाळेच्या विज्ञान मंडळासाठी एक लेख मराठीत करतेय, रिचर्ड थॉम्पसन यांच्या कामावर. इंग्लंडातल्या प्लिमथ विद्यापीठातले सागरी जीवशास्त्रज्ञ. १९९३ मध्ये पीएचडी चालू असताना आयल ऑफ मॅन बेटावर किनारा साफ करायला गेले होते, सगळे बाटल्या, दोरखंड, जाळी उचलत होते आणि यांच्या लक्षात आलं की वाळूत जो प्लास्टिकचा बारीक चुरा पडलाय त्याचा हिशोबच कुणी ठेवत नाहीये. पुढे २००४ साली 'सायन्स' या संशोधन-नियतकालिकात त्यांचा आणि सहकाऱ्यांचा जेमतेम एक पानाचा निबंध आला, आणि मायक्रोप्लास्टिक हा शब्द रुळला तो तिथून. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे जहाजामागे ओढत न्यायचं एक यंत्र असतं, त्यात रेशमी कापडाच्या पट्टीवर समुद्रातले प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) अडकतात, तर १९६० च्या दशकापासून जपून ठेवलेल्या त्या पट्ट्या यांनी पुन्हा उघडून बघितल्या, अ‍ॅबर्डीन ते शेटलंड मार्गावरच्या, आणि प्लवकांच्या शेजारी प्लास्टिकचे धागे सापडले, जुन्या पट्ट्यांत कमी, नंतरच्यांत जास्त.

आता अडचण. पेपरात सर्रास 'सूक्ष्म प्लास्टिक' लिहितात, मीही तेच लिहिलं आणि कच्चा खर्डा सासूबाईंना वाचायला दिला. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं, "म्हणजे त्या पातळ पिशव्याच ना गं, ५० मायक्रॉनवाल्या?" आता काय बोलणार! पिशवीबंदीपासून मायक्रॉन म्हणजे जाडी हे भाजीवालीपासून सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. मग काय लिहू?

खवचट_सदाशिव :
'सूक्ष्म' आपल्याकडे निरीक्षणाला आणि भेदाला लावतात, प्लास्टिकला लावलं की ते फार विचारी वाटायला लागतं. 'प्लास्टिकचे सूक्ष्मकण' लिहा आणि मोकळ्या व्हा.

नमुना_सात :
कण म्हणायला माझी हरकत आहे, कारण मी हेच काम करते. पाण्याचा नमुना गाळला, गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की दिसतात ते बरेचदा गोल कण नसतातच, निळे-लाल धागे असतात, कपड्यांचे आणि दोरखंडांचे. शिवाय पिशवीचे पापुद्रे, थर्माकोलचा भुसा, कशाचेतरी टवके. संशय आला तर सुई तापवून टेकवतो, प्लास्टिक असेल तर ते आकसतं, वळतं किंवा वितळतं, सुती धागा तसा वितळत नाही. अर्थात ही ढोबळ चाचणी, खरी खात्री यंत्रावरच करायची. व्याख्या म्हणाल तर ५ मिलिमीटरपेक्षा लहान ते सगळं मायक्रोप्लास्टिक, ही वरची मर्यादा २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका कार्यशाळेत ठरली आणि पुढे सगळ्यांनी उचलली. म्हणजे डाळीच्या दाण्याएवढा तुकडासुद्धा यात बसतो, 'सूक्ष्म' म्हटल्यावर वाचकाला हे कळतच नाही.

आजोळ_मालवण :
धाग्यांना 'कुसळं' म्हणता येईल की. मोज्यात अडकतात तशी.

नमुना_सात :
अहाहा, कुसळ चांगलंय! आणि म्हणही लागू पडते. आमच्या लॅबमध्ये फ्लीसचं (प्लास्टिकच्याच धाग्याचं) जाकीट घालून यायला बंदी आहे, सुती कपडे आणि सुती एप्रन, कारण नमुन्यातलं कुसळ शोधताना स्वतःच्या अंगावरचं मुसळ त्यात पडतं आणि अख्खा दिवस वाया जातो. माझा गेलाय. जांभळा स्वेटर होता.

दाणेवाला :
ताई, एक भर घालतो. मी बावीस वर्षं प्लास्टिकच्या वस्तू साच्यात ओतायच्या, म्हणजे मोल्डिंगच्या धंद्यात, आमच्याकडे कच्च्या मालाला 'दाणा'च म्हणतात. व्हर्जिन दाणा, रिप्रोसेस दाणा, २५ किलोची गोणी. हॉपरमध्ये, म्हणजे यंत्राच्या नरसाळ्यात, ओतताना थोडा सांडतोच. पूर्वी मी जिथं नोकरीला होतो तिथं तो झाडून सरळ दारातल्या गटारात लोटायचे, मीही लोटलाय, खोटं कशाला बोलू. एक दाणा साधारण ३-४ मिलिमीटर. तुमची ५ मिलिमीटरची व्याख्या आज पहिल्यांदा वाचली आणि डोक्यात उजेड पडला की मी रोज हातात मायक्रोप्लास्टिकच धरत होतो, त्याला कोणी तसं म्हणत नव्हतं एवढंच.

आजोळ_मालवण :
दादा, तेच तर! इंग्रजीत ज्याला नर्डल म्हणतात तो तुमचा दाणा. २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळून बुडालं तेव्हा सुमारे १,६८० टन दाणा समुद्रात गेला, आणि २०२५ च्या मे महिन्यात केरळजवळ जहाज बुडालं तेव्हाही किनाऱ्यावर हाच माल. आमच्या पुळणीवर भरतीच्या रेषेत अधूनमधून मिळतो, लहानपणी मला वाटायचं कुणाचा उपासाचा साबुदाणा सांडलाय.

शब्दखुळी :
दाणा पक्का! लेखात तसाच जाणार. आता पुढचं. इंग्रजीत प्राथमिक आणि दुय्यम असे दोन प्रकार करतात, जे मुळातच बारीक बनवलं ते प्राथमिक (फेसवॉशमधले मणी, हे दाणे) आणि मोठ्या वस्तूची मोडतोड होऊन झालं ते दुय्यम. पण मराठीत दुय्यम म्हटलं की दुय्यम निबंधक कार्यालय, नाहीतर दुय्यम भूमिका! वाचणाऱ्याला वाटणार हे कमी महत्त्वाचं. आणि समुद्रात तर त्याचाच ढीग आहे.

खवचट_सदाशिव :
'घडीव' आणि 'झिजीव'. झिजीव कोशात नसेल तर घाला, कोश कशासाठी असतात.

नमुना_सात :
घडीव मस्त! नॅनोकणांनाही, म्हणजे याहून कितीतरी बारीक कणांनाही, चालेल. सनस्क्रीनमधलं टायटॅनियम डायॉक्साइड, मोज्यांना वास येऊ नये म्हणून घातलेली चांदी, हे घडीव नॅनोकण. टायर, पिशवी झिजून होतात ते झिजीव. आणि एक विनंती, 'प्लास्टिकचं विघटन होतं' असं सरसकट लिहू नका. विघटन म्हटलं की लोकांना केळीचं साल आठवतं. केळीचं साल कुजतं, मातीत मिळून जातं. प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होतं, लाटांनी झिजतं, त्याचा भुगा होतो, पण प्रत्येक तुकडा प्लास्टिकच राहतो. परवा एका भाषणात 'समुद्रात विरघळलेलं प्लास्टिक' ऐकलं आणि चहा ठसकला. साखर विरघळते हो.

आजीचा_डबा :
इतका वेळ वाचत होते, आता राहवेना. आम्ही लहानपणी प्लास्टिक म्हणायचोच नाही, कचकडं म्हणायचो. कचकड्याची बाहुली, कचकड्याच्या बांगड्या. आणि कचकडं म्हणजे मुळात कासवाच्या पाठीचं कवच बरं का! त्याच्या फण्या-डब्या व्हायच्या, मग त्यासारखं दिसणारं सेल्युलॉइड, एक जुनं प्लास्टिक, आलं आणि नाव त्याला चिकटलं. कासवाचं नाव घेऊन आलेली वस्तू आता कासवाच्याच पोटात सापडतेय.

शब्दखुळी :
आजी, हे चौकटीत टाकते, हो म्हणा. आता शेवटचं आणि अवघड, नॅनो. विश्वकोशात 'अब्जांश तंत्रज्ञान' आहे, मीटरचा अब्जावा भाग म्हणून.

खवचट_सदाशिव :
गणिताला चोख, कानाला जड. टाटांची गाडी आल्यापासून नॅनो मराठीच झालाय, ठेवा तसाच. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ बुटका, म्हणजे 'बुटकण'ही चालेल.

नमुना_सात :
बुटकण, हा हा. नॅनोच ठेवा, पण आकार सांगा. केस साधारण ७०-८० मायक्रॉन जाड, नॅनोकण १ ते १०० नॅनोमीटर, आणि एक मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीत रांगेनं कमीत कमी सातशे मावतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. आणि नॅनोकण म्हणजे प्रदूषणच असं नाही, दिव्याच्या काजळीतही असतात. नॅनोप्लास्टिकची हद्द मात्र कुणी १०० नॅनोमीटर धरतं, कुणी १०००, तेव्हा लेखात कुठली धरली ते लिहा.

शब्दखुळी :
धरते १०००. मला स्वीडनमधल्या ल्युंड विद्यापीठाचा प्रयोगही घालायचाय, शेवाळाला पॉलिस्टायरीनचे (थर्माकोलचं प्लास्टिक) नॅनोकण दिले, ते शेवाळ डॅफ्नियाने (पाण्यातला बारीक जीव) खाल्लं, डॅफ्निया माशाने खाल्ला, आणि कण माशाच्या मेंदूत सापडले, मासे खायला मंद झाले. तिथे 'प्रोटीन कोरोना' असा शब्द आहे, कणाला प्रथिनं चिकटून बसतात ते, २००७ पासून वापरतात. मराठीत कोरोना लिहिलं तर मुलं मास्क शोधायला लागतील.

आजीचा_डबा :
पुट म्हण गं. पितळेच्या डब्यावर चढतं ना, तसं. कणावर प्रथिनांचं पुट चढतं.

नमुना_सात :
फारच छान! अर्थही बरोबर, कारण पेशीची गाठ बरेचदा आधी त्या पुटाशीच पडते, आतल्या प्लास्टिकशी नाही.

दाणेवाला :
ते पुट की तो पुट?

आजीचा_डबा :
ते पुट, ती पुटं. चिंच लावून घासलं तरी जात नाही ते.