क्लोझापिन सुरू करावे का? रक्ताच्या चाचण्या, बद्धकोष्ठता आणि विडी यांविषयी

कोयनाकाठ (प्रश्न)

माझा धाकटा भाऊ ३२ वर्षांचा असून सात वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. आधी रिस्पेरिडोन आणि नंतर ओलान्झापिन ही औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी काही महिने, आईने स्वतःच्या हाताने दिली. तरी त्याला ऐकू येणारे आवाज थांबलेले नाहीत आणि गेल्या वर्षी त्याने जीव नकोसा झाल्याचे दोनदा बोलून दाखवले. आता डॉक्टरांनी क्लोझापिन सुचवले आहे. या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होऊन माणूस दगावू शकतो, असे वडिलांच्या वाचनात आले आणि तेव्हापासून त्यांनी ठाम नकार दिला आहे. आम्ही तालुक्याच्या गावापासून १४ किलोमीटरवर राहतो, त्यामुळे दर आठवड्याला रक्त तपासायला जाणेही सोपे नाही. हा धोका नेमका किती आहे आणि औषध सुरू केल्यास घरच्यांनी कशावर लक्ष ठेवावे, हे जाणकारांनी सांगावे.

जुना वॉर्ड

मी निवृत्त मनोविकारतज्ज्ञ आहे. आपल्या भावाला मी तपासलेले नाही, त्यामुळे मी लिहितो ते त्याच्या डॉक्टरांशी बोलण्याची तयारी म्हणून वाचावे.

वडिलांची भीती निराधार नाही. क्लोझापिन युरोपात वापरात आल्यानंतर १९७५ मध्ये फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी घटून आठ रुग्ण दगावले आणि हे औषध बहुतेक ठिकाणी मागे पडले. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आधीच्या औषधांना दाद न देणारे २६८ रुग्ण होते. सहा आठवड्यांत क्लोझापिन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के सुधारले, तर क्लोरप्रोमाझिन हे जुने औषध घेणाऱ्यांपैकी केवळ ४ टक्के. या फरकामुळेच नियमित रक्ततपासणीच्या अटीवर १९८९ मध्ये तेथे त्याला मान्यता मिळाली. २००२ मध्ये आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठीही त्याला मान्यता देण्यात आली, आणि भावाने जीव नकोसा झाल्याचे बोलून दाखवले हे पाहता हा मुद्दा मी वडिलांपुढे सर्वांत आधी मांडला असता. ज्या फिनलंडमध्ये ते आठ मृत्यू झाले, तेथीलच हजारो रुग्णांच्या नोंदींवरून २००९ मध्ये असे दिसले की, स्किझोफ्रेनियावरील औषधांपैकी क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते.

पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे, आणि वेळेवर लक्षात आल्यास औषध थांबवून बहुतेक रुग्ण बरे होतात. हा धोका पहिल्या १८ आठवड्यांत सर्वाधिक असतो, म्हणून त्या काळात चाचणी दर आठवड्याला करतात. पुढे अंतर वाढत जाते आणि वर्षानंतर साधारणपणे महिन्यातून एकदा पुरते. यासाठी मोठ्या शहरातील प्रयोगशाळा लागत नाही. साधी सीबीसी (रक्तातील पेशी मोजण्याची) चाचणी पुरते, मात्र अहवालातील एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून थांबू नये. त्या आकड्याला न्यूट्रोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या टक्केवारीने गुणून शंभराने भागावे. एकूण पेशी ५२०० आणि न्यूट्रोफिल ५८ टक्के असतील, तर उत्तर ३०१६ येते, आणि खरे महत्त्व या उत्तराला आहे. ते १५०० पेक्षा कमी असेल, तर औषध सहसा सुरू करत नाहीत. उपचार चालू असताना त्याखाली गेले, तर चाचण्या वाढवतात आणि १००० च्या खाली गेले, तर औषध थांबवतात. काही देशांत १५०० लाच थांबवण्याचा नियम आहे.

चाचणीच्या दोन तारखांच्या मधे ताप आला, घसा धरला किंवा तोंडात फोड आले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

माझ्या अनुभवात मात्र घरचे लोक रक्तावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात आणि पोटाकडे दुर्लक्ष करतात. क्लोझापिनने आतड्याची हालचाल मंदावते. साधी वाटणारी बद्धकोष्ठता वाढत जाऊन आतडे पूर्ण बंद पडल्याने रुग्ण दगावले आहेत, आणि त्यामुळेच अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये याविषयीचा इशारा अधिक कडक केला. शौचाची नोंद रोज ठेवावी. दोन दिवस पोट साफ झाले नाही, तर डॉक्टरांना कळवावे. पोट फुगले, दुखू लागले किंवा उलट्या झाल्या, तर थेट रुग्णालय गाठावे. पूर्वीच्या औषधांनी हात थरथरतात म्हणून दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी अनेक घरांत सवयीने चालूच राहते. तीही आतडे मंदावते, म्हणून क्लोझापिनबरोबर ती खरोखर लागते का, हे आवर्जून विचारावे.

पहिल्या दोन महिन्यांत क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा विश्रांतीतही नाडी फार जलद चालणे ही तिची लक्षणे असून त्यांकडे सर्दीपडसे म्हणून पाहू नये. याशिवाय वजन आणि रक्तातील साखर वाढणे, उभे राहताना चक्कर येणे, झोप जास्त येणे आणि मोठ्या मात्रेत फिट येणे हेही संभवते. वजन, कमरेचा घेर आणि साखर यांची सुरुवातीची नोंद करून ठेवली, तर पुढे तुलना करता येते.

वाचनप्रेमी

अमेरिकेने २०२५ मध्ये क्लोझापिनसाठीची रक्ततपासणीची सक्ती काढून टाकली, असे वाचले. मग आपल्याकडे हा खर्च आणि हेलपाटे कशासाठी? बद्धकोष्ठतेसाठी तर घरोघरी इसबगोल असतेच.

जुना वॉर्ड

दोन्ही मुद्दे अर्धे बरोबर आहेत आणि म्हणूनच दुरुस्त करणे भाग आहे. अमेरिकेने काढली ती चाचणीचा अहवाल नोंदवल्याशिवाय दुकानातून औषध न देण्याची व्यवस्था. त्या अडथळ्यामुळे अनेकांचे औषध मधेच तुटत होते. चाचणी करत राहण्याची शिफारस तेथेही कायम आहे.

इसबगोल पाणी शोषून फुगते आणि पुढे ढकलण्याचे काम आतड्यावर सोपवते. येथे आतडेच मंद झालेले असते, त्यामुळे, विशेषतः पाणी कमी पिणाऱ्या रुग्णात, त्याने अडचण वाढू शकते. अशा वेळी डॉक्टर सहसा लॅक्टुलोज, बिसाकोडिल किंवा सेन्ना देतात.

शुभंकर आई

माझा मुलगा अकरा वर्षे क्लोझापिनवर आहे. आमच्या पुण्यातील स्वमदत गटात रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, म्हणून हे नाव घेतले आहे. वैद्यकीय माहिती वर आली आहेच. मी फक्त घरातील गोष्टी सांगते.

पहिले चार महिने कठीण गेले. तो दुपारी बारापर्यंत झोपलेला असे आणि रात्री तोंडातून इतकी लाळ गळे की उशी भिजून जाई. कुशीवर झोपवणे आणि उशीवर जाड टॉवेल घालणे एवढ्यावर आम्ही निभावून नेले. लाळेसाठी गोळी मागितली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की, तशा काही गोळ्यांनी बद्धकोष्ठता वाढते. म्हणून आम्ही टॉवेलच बरा मानला. आवाज पहिल्या महिन्यात मुळीच कमी झाले नाहीत. पाचव्या महिन्यात एकदा जेवताना तो स्वतःहून म्हणाला की, ते लोक आता शेजारच्या खोलीतून बोलतात. आवाज पूर्ण गेलेले नाहीत, पण त्यांच्याकडे पाठ फिरवून तो आता सकाळी भाजी आणायला जातो.

वजन मात्र १६ किलोंनी वाढले. त्यातले सहा किलो मेटफॉर्मिन (मधुमेहात देतात ते औषध) आणि चालणे यांमुळे उतरले, पण बाकीचे तसेच आहे. हे मी लपवणार नाही, कारण सुरुवातीला आम्हांला ते कोणी सांगितले नव्हते.

सर्वांत मोठी चूक आमच्याकडून एका लग्नात झाली. गोळ्यांची पिशवी घरी राहिली आणि तीन दिवस औषध चुकले. परत आल्यावर मी जुनीच पूर्ण मात्रा देणार होते. नशिबाने आधी दवाखान्यात फोन केला.

जुना वॉर्ड

तो फोन केला ते फार योग्य झाले. ४८ तासांहून अधिक काळ औषध चुकले, तर शरीराची सवय सुटते आणि तीच मात्रा एकदम दिल्यास रक्तदाब कोसळू शकतो किंवा फिट येऊ शकते. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने चढत जावे लागते. घरच्यांनी आपल्या मनाने एकदम बंद करणेही तितकेच वाईट, कारण आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतो.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. हे सगळे मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी गुणाकार स्वतः करून पाहिला आणि आता निदान पहिल्या चाचणीला ते तयार आहेत. एक शंका राहिली. भाऊ दिवसाला एक बंडल विडी ओढतो आणि वडील तंबाखू मळतात. नवे औषध सुरू होणार म्हणून भावाची विडी त्याच दिवशी सोडवावी, असा आमचा विचार आहे.

फार्मसीवाला

विडी सुटणे चांगलेच, पण डॉक्टरांना न सांगता सोडवू नका. विडी-सिगारेटच्या धुरातील घटकांमुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) अधिक जोमाने काम करते आणि क्लोझापिन लवकर संपवते. ओढणे थांबले की आठवडाभरात ते विकर मंदावते आणि तीच गोळी रक्तात बरीच जास्त साठू लागते. मग गुंगी, लाळ, झटके असा त्रास होतो. रुग्णालयात दाखल असताना विडी बंद असते, त्या काळात ठरलेली मात्रा घरी येऊन पुन्हा धूर सुरू झाल्यावर अपुरी पडते, हा उलटा प्रकारही मी दुकानात अनेकदा ऐकला आहे. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. त्यामुळे मळलेल्या तंबाखूने किंवा मशेरीने गोळीच्या हिशेबात फरक पडत नाही. तोंडाच्या कर्करोगाचा हिशेब अर्थात वेगळा, तो वडिलांनी करावा.

लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन सर्रास लिहून दिले जाते. त्यानेही क्लोझापिनचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, तरी चालू औषधाचे नाव आधी सांगा. चहा-कॉफीचे प्रमाणही एकदम फार वाढवू नये.

जुना वॉर्ड

यात एक भर घालतो. आपल्याकडील रुग्णांना पाश्चात्त्य पुस्तकांतील मात्रेपेक्षा कमी मात्रा अनेकदा पुरते. शेजाऱ्याचा मुलगा ४०० मिलिग्रॅमवर आहे म्हणून आपलीही तेवढीच हवी, असे समजू नये. आणि भाऊ पुन्हा जिवाविषयी तसे बोलला, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि रात्रीअपरात्री कोणी भेटत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

कोयनाकाठ

काल चाचणी झाली. एकूण पेशी ६८००, न्यूट्रोफिल ६१ टक्के, म्हणजे ४१४८. विडीबद्दल डॉक्टरांनी सांगितले की, मात्रा स्थिर होईपर्यंत आहे तसे चालू द्यावे आणि नंतर रक्तातील औषधाचे प्रमाण पाहत ती हळूहळू सोडवू. ट्रायहेक्सिफेनिडिल त्यांनी टप्प्याटप्प्याने कमी करायला घेतले आहे. मंगळवारी रात्री २५ मिलिग्रॅमची अर्धी गोळी द्यायची आहे, आणि दर सोमवारी भावाला रक्ततपासणीसाठी एसटीने कोण नेणार, यावर घरात सध्या चर्चा चालू आहे. पहिल्या सोमवारी वडील जाणार आहेत.