साळ्याच्या ब्लॅकजॅक 'सिस्टीम'चं काय करू? मदत हवी आहे

भाऊ लोकं, माझा साळा नागपुरात महाल भागात राहतो, दिवाळीनंतर गोव्याच्या कॅसिनोत जातो म्हणते अन् त्यानं दोनशे पानी वहीत ब्लॅकजॅकची (पत्त्यांची बेरीज २१ च्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त करायचा जुगार) स्वतःची सिस्टीम काढलीये, हरलं की डबल लावायचं, बस. काल तर्री-पोहे खाता खाता मी त्याच वहीच्या मागं हिशोब मांडला, १०० पासून सुरू केलं अन् लागोपाठ सात हात हरला तर १२,७०० गेले, आठव्याले १२,८०० लावा, तेही शेवटी १०० सुटायला, वरून टेबलची लिमिट लागली तर डबलही होत नाही. तर म्हणते, सात वेळा कोण हरते बे! आपण आधी २१ च्या वर गेलो तर डीलर (कॅसिनोचा पत्ते वाटणारा) मागून २१ च्या वर जाऊन फुटला तरी पैसे गेलेच, हेही पटत नाही त्याले. बायकोले सांगितलं तर घरात महाभारत. कोणी असा माणूस समजावलाय का, कसा?